उंदराची आठवण आणि विषाचे आमिष

(रब्बी हंगामापूर्वीच्या शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझ्या आधी तीन वक्ते बोलून गेले. गव्हाचे वाण झाले, हरभऱ्यावरील घाटेअळी झाली, ठिबकची देखभालही झाली. संयोजकांनी माझे नाव पुकारून 'उंदीर' हा विषय सांगितला तेव्हा मागच्या रांगेत थोडे हसू उमटले, ते मला ऐकू आले. त्यात रागावण्यासारखे काही नाही. औषध कोणत्या दुकानात मिळते हे तुम्हाला ठाऊक आहे आणि प्रमाण पुडीवर छापलेले असते. मग बाईंनी येथे उभे राहून सांगायचे काय? म्हणून आधीच सांगते, की आज मी विषाबद्दल थोडे आणि उंदराच्या डोक्यात काय चालते याबद्दल जास्त बोलणार आहे. हे शिकायला मला फार महाग पडले होते.

एम.एस्सी. (कृषी) झाल्यावर नोकरी लागेपर्यंत मी काही महिने गावी होते. माझ्या चुलत्यांचा, म्हणजे आबांचा, सव्वा एकर गहू पोटरीवर आला होता. बांधाकडेची ताटे तिरकी कापलेली दिसू लागली. आबांनी विचारले, "पोरी, एवढं शिकलीस, आता सांग काय करायचं." मी ऐटीत सांगितले, की झिंक फॉस्फाईड आणा, गव्हाच्या भरड्यात कालवा आणि ठेवा. पहिल्या रात्री आठ उंदीर पडले. मला फार आनंद झाला. दुसऱ्या रात्री एक पडला. तिसऱ्या रात्रीपासून आमिष जसेच्या तसे. वर शहाणपणा म्हणून मी विषाचे प्रमाण वाढवायला सांगितले आणि बिळाबाहेरही आमिष ठेवले. उंदरांनी त्याला तोंड लावले नाही. पाचव्या दिवशी शेजाऱ्यांचा राखणीचा कुत्रा मात्र मेला. आबा त्यांच्या दारात माफी मागायला गेले आणि मी त्यांच्या पाठीमागे मान खाली घालून उभी होते. परत येताना आबा एवढेच म्हणाले, "तुझं पुस्तक त्या उंदरांनी आधीच वाचलंय बघ." त्या हंगामात बांधालगतचे दोन सारे भुईसपाट झाले.

उंदीर आमिषाला बुजतात, याविषयी आमच्या पुस्तकात दीड ओळ होती. परीक्षेत ती लिहून मी गुण मिळवले होते. ती ओळ खरी का आहे, हे मात्र कोणी शिकवले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

पुढे वाचन केले तेव्हा जॉन गार्सिया या अमेरिकन शास्त्रज्ञाची माहिती मिळाली. त्यांचा जन्म १९१७ सालचा, कॅलिफोर्नियातील सांता रोझाजवळचा. आईवडील स्पेनहून आलेले, शेतात राबणारे. हे गार्सिया १९५० नंतरच्या काळात सॅन फ्रान्सिस्को येथे नौदलाच्या प्रयोगशाळेत कामाला होते. अणुकिरणांचा प्राण्यांवर काय परिणाम होतो, हे पाहण्याचे ते काम होते. उंदरांना किरणांच्या कोठडीत ठेवायचे आणि नंतर आपापल्या पिंजऱ्यात सोडायचे. त्यांच्या ध्यानात आले, की कोठडीतल्या बाटलीतले पाणी उंदीर दिवसेंदिवस कमी पितात. पिंजऱ्यातले मात्र नेहमीसारखे पितात. पाणी तेच, उंदीरही तेच. फरक एवढाच, की कोठडीतल्या बाटल्या प्लॅस्टिकच्या होत्या आणि त्यांची थोडी चव पाण्याला लागत होती.

मग त्यांनी मुद्दाम सॅकरीनचे गोड पाणी दिले. उंदराला गोड फार आवडते. गोड पाणी पिताना किरण दिले, की त्यांना नंतर मळमळ होई. पुढे किरण नसतानाही हे उंदीर गोड पाण्याला तोंड लावीनात. हा निष्कर्ष १९५५ साली प्रसिद्ध झाला.

यात नवे काय, असे तुम्हाला वाटेल. नवे असे, की त्या काळी प्राणी शिकतात कसे याचे ठाम नियम मानले जात. दोन गोष्टी काही सेकंदांच्या अंतराने घडल्या, आणि त्याही पुन्हा पुन्हा घडल्या, तरच प्राणी त्यांचा संबंध जोडतो, असे मोठमोठे पंडित सांगत. गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली दाखवले, की खाल्ल्यानंतर तासाभराने पोट बिघडले तरी उंदीर दोष त्या चवीलाच देतो. नंतरच्या प्रयोगांत हे अंतर कित्येक तासांपर्यंत गेले. आणि त्यासाठी एकच अनुभव पुरतो. नियतकालिकांनी त्यांचे लेख बरीच वर्षे परत पाठवले, कारण परीक्षकांना ते अशक्य वाटत होते.

त्याच वर्षीचा त्यांचा आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. उंदीर पाणी चाटू लागला, की दिवा चमके आणि खटका वाजे. पाणीही चवीचे असे. काही उंदरांना पिताना विजेचा झटका दिला, काहींना आजारी पाडले. झटका बसलेले उंदीर दिव्याला आणि आवाजाला भ्यायले, पण चवीचे पाणी पीत राहिले. आजारी पडलेल्यांनी उलट केले. दिव्याचे त्यांना काही नव्हते, चव मात्र वर्ज्य झाली. पोटातल्या दुखण्याचा हिशेब उंदराचा मेंदू चवीच्या खात्यावर लिहितो आणि अंगावरच्या दुखण्याचा हिशेब डोळ्याकानांच्या खात्यावर.

आपणही काही वेगळे नाही. लग्नात बासुंदी खाल्ली आणि त्याच रात्री ताप येऊन उलटी झाली, असे कोणाचे झाले असेल तर आठवून पाहा. ताप बासुंदीने आला नव्हता हे माहीत असूनही वीस वर्षे बासुंदीचा वास नको वाटतो. उंदराला तर याची गरज आपल्याहून अधिक आहे, कारण त्याला उलटी करताच येत नाही. गिळलेले बाहेर काढायची सोय नाही, म्हणून गिळण्यापूर्वीच तो सावध असतो. नवा पदार्थ दिसला, की आधी टाळतो. मग चिमूटभर कुरतडतो आणि थांबतो.

आता झिंक फॉस्फाईडकडे या. पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो. परिणाम लवकर होतो, आणि तोच त्याचा गुण तसाच दोषही आहे. भुकेलेला, धीट उंदीर भरपूर खातो आणि मरतो. माझे पहिल्या रात्रीचे आठ ते हेच. सावध उंदीर चिमूटभर खातो, मरत नाही, पण थोड्याच वेळात त्याचे पोट बिघडते. त्याचा धडा झाला. पुढे तुम्ही विष वाढवा, तेल वाढवा, तो फिरकत नाही. नुसत्या विषाच्या चवीवर थांबतो असेही नाही, ज्या धान्यात विष कालवले त्या धान्यालाही तो बुजतो. म्हणजे मी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या रात्री तेच गव्हाचे आमिष ठेवून आबांच्या शेतातल्या उंदरांची उजळणीच करून घेत होते.

हे पांढऱ्या, प्रयोगशाळेतल्या उंदरांचे झाले, आपल्या बांधावरच्या उंदरांचे काय, अशी शंका येणे रास्त आहे. राजस्थानात जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत ईश्वर प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या देशातील उंदरांवर पुष्कळ काम केले आहे. आमिषाला बुजण्याचा स्वभाव आपल्याकडच्या जातींतही आढळला आहे. (जाता जाता सांगते, चिचुंद्री ही उंदीर नव्हे. ती मुख्यतः किडे खाणारी आहे. तिला मारण्यात पुडी खर्च करू नका.)

आता गावोगाव ऐकू येणारा एक समज घेऊ. "एक उंदीर मेला की बाकीच्यांना खबर देतो." हे पूर्ण खरे नाही आणि पूर्ण खोटेही नाही. जर्मनीत श्टायनिगर नावाच्या उंदीर-नियंत्रण तज्ज्ञाने १९५० साली नोंदवले होते, की एकाच जागी तेच विष वारंवार वापरले तर वाचलेले उंदीर ते टाळतातच, शिवाय त्यांची पिले, ज्यांनी विष कधी चाखलेले नाही, तीही टाळतात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात बेनेट गॅलेफ यांनी ही गोष्ट पिंजऱ्यात तपासली. मोठ्या उंदरांना दोन प्रकारचे खाद्य दिले, त्यातले चांगल्या चवीचे खाऊन ते आजारी पडतील अशी व्यवस्था केली. मग दोन्ही खाद्ये निर्धोक करून ठेवली. त्या वसाहतीतली पिले दूध सोडून खाऊ लागली ती मोठ्यांच्याच ताटावर. दुसऱ्या खाद्याला त्यांनी तोंड लावले नाही. हा प्रयोग १९७१ सालचा.

पुढे गॅलेफ यांना असेही दिसले, की उंदीर दुसऱ्या उंदराच्या तोंडाचा वास घेऊन त्याने काय खाल्ले ते ओळखतो आणि नंतर स्वतः तेच पसंत करतो. खाल्लेल्या पदार्थाचा वास आणि उंदराच्या श्वासात असणारा कार्बन डायसल्फाईड हा वायू, दोन्ही एकत्र लागतात. गंमत अशी, की तो पहिला उंदीर खाऊन आजारी पडलेला असला तरी दुसऱ्याला धोका कळत नाही. तो तेच अन्न पसंत करतो! म्हणजे मरणारा उंदीर कोणाला 'खाऊ नको' असे सांगून जात नाही. काय खावे एवढेच उंदीर एकमेकांकडून शिकतात. आजारपणाचा धडा ज्याचा त्याला मिळतो, पण वाचलेली मादी जे खाते तेच पिले खातात, आणि तुमचे आमिष पुढच्या पिढीतही बाद होते.

यावर माणसाने दोन तोडगे काढले. पहिला, आधी विश्वास बसू द्यायचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला धान्याचा कणन् कण वाचवायचा होता, तेव्हा ऑक्सफर्डच्या प्राणिशास्त्रज्ञांनी विषापूर्वी काही दिवस बिनविषारी आमिष ठेवण्याची पद्धत बसवली. उंदीर चिमूटभर खातो, काही होत नाही, दुसऱ्या दिवशी अधिक खातो, तिसऱ्या दिवशी पोटभर खातो. चौथ्या दिवशी त्याच धान्यात विष.

दुसरा तोडगा अमेरिकेतल्या एका दूध उत्पादकामुळे सापडला. १९३३ सालच्या फेब्रुवारीत, बर्फाच्या वादळातून, एक शेतकरी विस्कॉन्सिनच्या कृषी केंद्रात पोहोचला. गाडीत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारे रक्त आणि बुरशी लागलेला क्लोव्हरचा वाळला चारा. सुट्टीचा दिवस होता; कार्ल पॉल लिंक यांची प्रयोगशाळा तेवढी उघडी सापडली. त्या शेतकऱ्याला त्या दिवशी काही मदत करता आली नाही, पण लिंक मागे लागले. बुरशीमुळे चाऱ्यात तयार होणारे, रक्त गोठू न देणारे द्रव्य त्यांच्या प्रयोगशाळेने शोधून काढले आणि त्यावरून १९४८ साली वॉरफॅरिन हे उंदरांचे औषध आले. आपल्याकडचे ब्रोमॅडिओलोन याच घराण्यातले. याचा परिणाम कित्येक दिवसांनी होतो. गार्सियांचा उंदीर काही तासांपूर्वीची चव आठवून दोष देऊ शकतो. चार-पाच दिवसांपूर्वीचे जेवण त्याला धरता येत नाही. म्हणून तो बुजत नाही.

आता जागेच्या आठवणीबद्दल थोडे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जॉन ओकीफ या मेंदूशास्त्रज्ञाने मोकळ्या फिरणाऱ्या उंदराच्या मेंदूत केसासारख्या बारीक तारा बसवल्या. मेंदूच्या आत हिप्पोकॅम्पस नावाचा, समुद्री घोड्याच्या आकाराचा भाग असतो. त्यातली एक पेशी उंदीर एका ठरावीक ठिकाणी आला, की चेतते. दुसरी दुसऱ्या ठिकाणी. सगळ्या मिळून त्या जागेचा नकाशाच झाला म्हणा ना. हे १९७१ सालचे. पुढे २००५ साली नॉर्वेतील मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना शेजारच्या भागात अशा पेशी सापडल्या, की ज्या जागेवर सारख्या अंतराची चौकट आखल्यासारख्या चेततात, आपण लावणीला खुणा करतो तशा. तिघांना मिळून २०१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शेतीला याचा उपयोग काय? बर्कलेच्या टोलमन आणि हॉन्झिक यांनी १९३० सालीच दाखवले होते, की चक्रव्यूहात खाद्य नसतानाही नुसते हिंडलेले उंदीर वाटा शिकून ठेवतात. अकराव्या दिवशी खाद्य ठेवले, की लगेच बिनचूक पोहोचू लागतात. आपल्या बांधावरचा उंदीरही रान मोकळे असताना हिंडत असतो. दाणा भरला म्हणजे त्याला वाट शोधावी लागत नाही. म्हणून पीक निसवल्यावर धावपळ करण्यापेक्षा उन्हाळ्यात, रान मोकळे असताना, बिळे उघडी दिसतात आणि त्याला खायला कमी असते तेव्हा मोहीम घ्या, असे आम्ही सांगतो. शिवाय त्याच्या वाटा ठरलेल्या असतात. आमिष बिळात किंवा त्या वाटेवर ठेवायचे, आपल्या सोयीच्या जागी नव्हे.

या संशोधनाबद्दल मला एरवीही आस्था आहे, ती आबांमुळे. स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर या आजारात हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारचा हाच भाग आधी झिजतो. डोळे मिटून बांधावरून चालणारे आमचे आबा गेल्या वर्षी भर दुपारी मळ्याची वाट चुकले आणि ओढ्यापलीकडे बसलेले सापडले. डॉक्टरांनी हेच नाव सांगितले. उंदराच्या मेंदूत तारा घालणाऱ्यांना पूर्वी मीही मनातून हसत होते. तुमच्या घरी कोणी वडीलधारे माणूस ओळखीच्या रस्त्यावर चुकू लागले तर 'म्हातारपण' म्हणून सोडून देऊ नका, लवकर दाखवा.

आता कामाचे. पहिल्या दिवशी संध्याकाळी सगळी बिळे चिखलाने किंवा मातीने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू बिळे. तेवढ्यांनाच काठीची खूण करा. यानेच निम्मे आमिष वाचते. मग दोन-तीन दिवस भरडलेल्या धान्याला थोडे खाद्यतेल चोळून दर बिळात दहा-पंधरा ग्रॅम ठेवा, विष नाही. त्यानंतर एक दिवस ९६० ग्रॅम तेच धान्य, २० ग्रॅम तेल आणि २० ग्रॅम झिंक फॉस्फाईड, काठीने कालवून, कागदाच्या पुडीत बांधून बिळात खोल सरकवा आणि तोंड बुजवा. आठवडाभराने जी बिळे पुन्हा उकरलेली दिसतील, त्यांत ब्रोमॅडिओलोनचे ०.००५ टक्क्यांचे तयार आमिष ठेवा. त्या हंगामात झिंक फॉस्फाईड पुन्हा नाही, आणि पुढच्या वेळी धान्य बदला. औषधांच्या शिफारशी बदलत असतात. खरेदीपूर्वी त्या वर्षीची शिफारस कृषी अधिकाऱ्यांकडून जरूर विचारून घ्या.

झिंक फॉस्फाईडला उतारा नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. कालवताना हातमोजे आणि तोंडाला फडके हवे, तंबाखू नको, पोरे जवळ नकोत. बाहेर सांडलेले आमिष आणि मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. हाताने उचलू नका, उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. विष खाल्लेला उंदीर खाऊन गव्हाणी घुबडही मरते, आणि ते तर रात्रभर आपले काम फुकट करणारे पाखरू. आमिष बाहेर टाकण्याची चूक मी केली, तिची किंमत एका मुक्या जनावराने दिली.

आणि हे एकट्याने करू नका. तुमचे रान साफ झाले, की शेजारचे उंदीर मोकळ्या बिळांत येऊन राहतात. बांधाला बांध लागून असलेल्या दहा-वीस शेतकऱ्यांनी एकाच दिवशी बिळे बुजवावीत. पुढच्या मेळाव्याला येताना दोन आकडे चिठ्ठीवर लिहून आणा: किती बिळे बुजवली आणि सकाळी किती उकरलेली सापडली. शेजाऱ्याचेही आणा. आपण ते फळ्यावर मांडू आणि पुढचे त्यावरून ठरवू.